प्रतिमाचा गंज

२०१४ सालच्या डिसेंबरात लखनौत असं धुकं पडलं की इंदिरा नगरातल्या आमच्या सरकारी क्वार्टरच्या खिडकीतून जग दिसायचं बंद झालं. समोरच्या ब्लॉकमधले लोक अजून आहेत, हे आम्ही त्यांच्या खोकण्यावरून धरून चालायचो. अशाच एका सकाळी रजईत बसून मी फोनवर ‘दोबारा’ नावाच्या साइटवर खातं उघडायला घेतलं. जुन्या वस्तू विकायची साइट. तिनं पहिलाच प्रश्न विचारला, ‘आप कौन हैं?’ खाली दोन गोल होते. एक ‘व्यक्ति’, दुसरा ‘व्यवसाय’.

मी तेवीस वर्षांचा होतो, बी.ए. झालो होतो, आणि हे मला इतक्या थेटपणे कोणी विचारलंच नव्हतं. घरी येणारे लोक ‘आता पुढे काय’ एवढंच विचारायचे.

“आई, मी कोण आहे?”

“सोनू आहेस,” आई माळ्यावरून म्हणाली. “अन् शिडी धर. हलून राहिली ते.”

बाबा महिनाअखेर निवृत्त होणार होते. क्वार्टर सोडून आम्ही सेक्टरपलीकडच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटात जाणार होतो. फ्लॅटला माळा नव्हता आणि आईकडे एका पलटणीला पुरतील एवढी भांडी होती. म्हणून ती विकायची होती आणि म्हणून हा प्रश्न आला होता.

साइटनं फरक नीट समजावला होता. व्यक्तीनं आपल्या घरातल्या, आपण वापरलेल्या वस्तू विकायच्या. विकली की विकली, परत घ्यायची भानगड नाही. व्यवसाय म्हटला की दुकानाचं नाव आलं, पॅन कार्ड आलं, बँकेत चालू खातं आलं, आणि गिऱ्हाइकानं आठवड्याच्या आत वस्तू आणून दिली तर ती निमूट परत घेणं आलं. बदल्यात व्यवसायाला हव्या तितक्या वस्तू विकता येतात आणि नावापुढे हिरवी टिकली मिळते. टिकली मला आवडली होती. मी प्रकरण बाबांपुढे ठेवलं.

बाबा केंद्र सरकारच्या एका कार्यालयात होते आणि घरातही फाइलवर शेरा मारल्यासारखे बोलायचे.

“व्यक्ती मान्य,” ते म्हणाले. “व्यवसाय अमान्य. घरातल्या माणसानं धंदा काढला तर कर्मचाऱ्याला तसं ऑफिसात लेखी कळवावं लागते. नोकरीच्या शेवटच्या महिन्यात मी काही कळवणार नाही.”

“आजवर काय काय कळवलं तुम्ही?”

“फ्रिज घेतला तेव्हा कळवलं होतं,” बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा थोडा उजळला. “उत्तर नाही आलं.”

मी ‘व्यक्ति’च्या गोलावर टिचकी मारली आणि व्यक्ती झालो.

आता भांड्यांबद्दल सांगायला हवं. आमच्या नागपूरकडे लग्नात आहेर म्हणून भांडी येतात आणि भांड्यावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं. वापरायचं आपण, नाव त्यांचं. मी लहानपणापासून पाणी प्यालो ते ‘सौ. पद्मा चंद्रशेखर मेश्राम, भंडारा’ यांच्यातून. पद्माबाईंना मी कधी पाहिलं नाही, पण त्या कुठे पोचल्यात आणि कुठून गळतात ते मला पाठ आहे. आईचा एक नियम होता: ज्याचं नाव तो माणूस घरी आला, की त्याचंच भांडं बाहेर निघालं पाहिजे. एकदा एक काका न सांगता स्टेशनवरून थेट दारात आले. आईनं त्यांना बाबांसोबत सेक्टरभोवती फिरायला पाठवलं, शिडी लावली आणि ते घामाघूम होऊन परतले तेव्हा त्यांच्या नावाच्या ताटात पोहे तयार होते. काकांनी नाव वाचलं, डोळे पुसले आणि मग पोहे खाल्ले. हा आमच्याकडचा क्रम आहे.

मी खिडकीत एकेक भांडं ठेवून फोटो काढले. धुक्याच्या उजेडात स्टीलची ताटं चंद्रासारखी दिसत होती. एका वेळी नऊ-दहा चंद्र, प्रत्येकावर कुणा ना कुणाचं नाव.

लोक येऊ लागले. धुक्यातून आधी मफलर यायचा, मग त्याच्या आतला माणूस. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, “घर का ही है न?” मी “जी, घर का” म्हटलं की ते समाधानानं बसायचे, चहा प्यायचे, हवेवर बोलायचे आणि जाताना एखादी परात घेऊन धुक्यात विरून जायचे. परातीवरचं नाव शेवटी विरायचं.

सोमवारी हेमचंद्र सक्सेना आले. अमीनाबादेतून सायकलरिक्षानं, शाल लपेटून. सत्तरीचे असावेत. ते भांडं हातात घ्यायचे, नाव मोठ्यानं वाचायचे आणि त्या नावाला किंचित मान लववायचे.

“सौ पद्मा,” त्यांनी वाचलं. “एक सौ?”

मी सांगितलं की ‘सौ.’ म्हणजे श्रीमतीसारखं असतं, पद्मा एकच आहे.

“अच्छा, एक ही हैं,” ते जरा खट्टू होऊन म्हणाले आणि पद्माबाईंना पिशवीत घातलं. आणखी दोन डबे आणि एक परात घेतली. मग त्यांची नजर खिडकीच्या कट्ट्यावर पालथ्या घातलेल्या गंजाकडे गेली.

गंज म्हणजे पातेलं. लखनौत गंज म्हटलं की लोकांना हज़रतगंज हा शहरातला झोकदार बाजार आठवतो, त्यामुळे “आईला गंज घासायचाय” असं मी सांगितलं की शाळेतल्या मित्रांना आमच्या घराबद्दल फार आदर वाटायचा. हा गंज विकायचा नव्हता, म्हणूनच तो वेगळा ठेवला होता. त्यावर कोरलं होतं, ‘कांतास, प्रतिमाकडून, १९८६’. कांता म्हणजे आई. प्रतिमा ही तिची नागपूरच्या होस्टेलातली मैत्रीण. शिक्षिकेच्या नोकरीच्या पहिल्या पगारातून तिनं तो घेतला होता आणि देतानाच म्हणाली होती, “तू हा मोडीत काढशील, पाहून ठेव.” तेव्हापासून त्यांचा प्रत्येक फोन “माझा गंज आहे ना?” “आहे” यावर संपायचा.

“वाह,” सक्सेनासाहेब म्हणाले. “क्या चीज़ है!”

“आप ही का है,” आई म्हणाली.

यात आईचा दोष नव्हता. बावीस वर्षं लखनौत काढूनही तिची हिंदी नागपूरचीच राहिली होती, पण हे एक वाक्य तिनं इथल्या बायकांकडून बिनचूक उचललं होतं. कुणी स्वेटरला चांगलं म्हटलं, आप ही का है. पडद्यांना म्हटलं, आप ही का है. एकदा शेजारणीनं माझी तारीफ केली तेव्हाही आई हेच म्हणाली. शेजारणीनं मला नेलं नाही, कारण यावर काय म्हणायचं हेही ठरलेलं असतं, “अरे नहीं, आप ही को मुबारक.” मग वस्तू जागेवर राहते आणि दोन्ही माणसं मोठी होतात.

सक्सेनासाहेबांनी तोंड उघडलं. ते आता तेच म्हणणार असं आम्हा दोघांना वाटलं. पण त्यांनी गंजावरचं नाव वाचलं, आईकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज एकदम ओला झाला.

“बहन जी, इतने अपनेपन से कह दिया आपने. अब मैं मना करने वाला कौन?”

गंज पिशवीत गेला. त्याचा दाम त्यांनी बाकीच्या सामानात मिळवून दिला, वर खूप आशीर्वाद दिले. रिक्षा धुक्यात शिरली. आईच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, ते उतरवायला तिला सुचलं नव्हतं.

“सोनू, ते खरंच घेऊन गेले का रे?”

“हाँ.”

“पण ते तं म्हणायचं असते!”

“उन्हें भी कुछ कहना होता है. वो भूल गए.” गडबडलो की मी आईशीही हिंदीत बोलायचो.

त्याच दुपारी प्रतिमामावशीचा फोन आला. ती आता मुख्याध्यापिका होती. नागपूरहून श्रावस्तीला दर्शनाला निघाली होती आणि रविवारी वाटेत एक दिवस लखनौत थांबणार होती. आम्ही इथे आल्यापासून पहिल्यांदाच. आई आनंदानं ओरडली. मग पलीकडून नेहमीचा प्रश्न आला, तो मलाही ऐकू आला.

“माझा गंज आहे ना वं?”

आई रोज सकाळी बुद्धवंदना करते आणि पंचशील घेते. त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. बाकीची चार सगळेच आपापल्या सोयीनं पाळतात, चौथं आई खरंच पाळते. तिनं एक क्षण माझ्याकडे पाहिलं.

“प्रतिमे, दूध उतू जाऊन राहिलं,” ती म्हणाली आणि फोन ठेवला. मग घाईनं उठली, दूध शेगडीवर चढवलं आणि ते उतू जाईपर्यंत शेजारी उभी राहिली.

“आता ठीक आहे,” ती ओटा पुसत म्हणाली. “पण रविवारी किती दूध उतू घालू मी?”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं अमीनाबादला गेलो. सक्सेनासाहेबांचं घर कापडाच्या दुकानांवर, एका अरुंद जिन्यानं वर होतं. खोली मोठी होती आणि बहुतेक रिकामी. एक पलंग, एक खुर्ची आणि भिंतभर लांब फळी. फळीवर आमची भांडी, नावं पुढे करून मांडलेली. मधोमध गंज.

“आइए, आइए! देखिए, सब मज़े में हैं,” ते म्हणाले. “पत्नी के जाने के बाद घर में कोई नाम ही नहीं रह गया था जिसे पुकारूँ. अब सुबह उठकर सबको आदाब करता हूँ. पद्मा जी इधर, उनकी तबीयत नाज़ुक है, गिर जाती हैं.”

आईनं चहा घेतला. थंडीबद्दल बोलली. दुसरा कप घेतला. गंजाकडे बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, त्यामुळे तिची मान एका बाजूला वळून राहिली होती. शेवटी मीच सगळं सांगितलं: मैत्रीण, पहिला पगार, रविवार.

सक्सेनासाहेबांनी कप खाली ठेवला. आम्हाला वाटलं ते उठून गंज देतील. ते उठले नाहीत. त्यांना खरोखर त्रास होत होता.

“बहन जी, आपने दिया, मैंने लिया. लौटा दूँ तो आपकी ज़बान हल्की होगी. और आपको बेच दूँ, तो इस घर से आज तक बर्तन नहीं बिका. सन् सैंतालीस में नहीं बिका.”

“पैसे मत लीजिए,” आई म्हणाली.

“वह तो और बुरा.”

खाली कुणीतरी कापड फाडलं, बराच वेळ फाडत राहिलं. मग सक्सेनासाहेब स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “काश आप दुकान होतीं. दुकान का माल तो लोग रोज़ लौटाते हैं. उसमें न देने वाले की इज़्ज़त जाती है, न लेने वाले की.”

आम्ही रिक्षानं परत निघालो. धुक्यात आम्ही चाललोय की उभे आहोत हे घोड्यालाच कळलं असतं, पण रिक्षाला घोडा नव्हता. माझा फोन वाजला. ‘दोबारा’चा निरोप होता: तुमचं खातं थांबवलं आहे, मदतीसाठी स्वप्नाशी बोला. मी तिथेच, रिक्षात, स्वप्नाशी बोलायला लागलो. ती लिहायची, मी लिहायचो.

‘नमस्ते, मैं स्वप्ना. आपके बर्तनों पर बहुत-से लोगों के नाम हैं. व्यक्ति केवल अपना सामान बेच सकता है. आप कौन हैं?’

‘सामान अपना ही है. नाम देने वालों के हैं.’

‘अपने सामान पर अपना नाम क्यों नहीं?’

मी आईला विचारलं.

“आपल्या भांड्यावर आपलं नाव काहून टाकीन?” आई म्हणाली. “आपण कोण ते आपल्याला माहीत नाही का?”

मी तसंच हिंदीत करून पाठवलं. मग आलं, ‘मेरी आई के पास भी ऐसी एक परात है.’ आणि लगेच, कुणी मागून ढोसल्यासारखं, ‘कृपया व्यवसाय चुनें.’

‘व्यवसाय चुनूँ तो पिछली बिक्री का क्या?’

‘पिछले सात दिन की बिक्री भी व्यवसाय की मानी जाएगी. ग्राहक सामान लौटा सकेंगे.’

मी ते आईला वाचून दाखवलं. आईनं रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं, का ते तिलाही ठाऊक नव्हतं, आणि पुन्हा चालायला सांगितलं.

आता प्रश्न बाबांचा होता. संध्याकाळी ते घरी आले, बूट काढले, मी निवेदन केलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

“दुकान निघालं तर मला कळवावं लागेल,” ते म्हणाले.

“हो,” आई म्हणाली.

“शेवटच्या महिन्यात.”

“हो.” ती ओट्यापाशी जाऊन उभी राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, “अहो, ती माझ्यासमोर बसून विचारन. मी काय म्हणू तिला?”

बाबांनी चष्मा लावला, कोरा कागद घेतला आणि लिहिलं: सविनय कळवण्यात येते की, एक पातेलं परत मिळवण्याकरिता माझ्या पत्नीनं दुकान काढलं आहे. पातेलं प्राप्त होताच पुढील स्थिती कळवण्यात येईल. दुसऱ्या दिवशी त्यांनी हेच हिंदीत करून दिलं. तिसऱ्या दिवशी ऑफिसकडून विचारणा आली, ‘पातेल्याचा तपशील द्यावा.’ बाबा तो कागद घेऊन घरी आले तेव्हा मी त्यांना इतक्या आनंदात कधी पाहिलं नव्हतं. त्यांचं लिहिलेलं कुणीतरी वाचलं होतं.

चालू खातं उघडायला साइटनं मुदत दिली. राहिलं दुकानाचं नाव.

“प्रतिमा ठेव,” आई म्हणाली. “कोरलेलंच आहे ते.”

‘प्रतिमा’ला हिरवी टिकली मिळाली. पाठोपाठ सक्सेनासाहेबांचा फोन आला. “सुना आप दुकान हो गईं, बहुत-बहुत मुबारक! कल तो शनीचर है, शनीचर को घर से लोहा नहीं निकालते. इतवार को हाज़िर होता हूँ.”

“कितने बजे?” मी विचारलं.

“सुबह ही सुबह. धुंध ज़रा छँट जाए.”

रविवारी धुंध छँटली नाही. प्रतिमामावशी मात्र सकाळी दारात उभी राहिली, बॅगेसकट.

“काय वं कांते, म्हातारी झाली बे तू!”

“अन् तू? तू कोणती नवरी दिसून राहिली?”

दोघी गळ्यात पडून रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या. बाबांनी जयभीम केला आणि आंघोळीला निघून गेले. आईनं मावशीला पाणी दिलं, शाल दिली, क्वार्टरमधल्या सगळ्या खोल्या दाखवल्या, मग खिडकी उघडून धुकं दाखवलं. मी खाली रस्त्याकडे बघत होतो. रस्ता नव्हता.

“चहा ठेव ना बाई,” मावशी म्हणाली. “गाडीत नुसतं गरम पाणी पाजलं त्यानं.”

“ठेवते.” आईनं तिला स्वेटर दाखवला.

“कांते, चहा.”

“ठेवते ना. पडदे पाहिले का तू?”

मावशीनं पंचवीस वर्षं वर्ग सांभाळले होते. ती उठली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. फळ्या रिकाम्या होत्या. “सोड, मीच ठेवते. माझा गंज कुठं आहे?”

आईनं दुधाच्या पिशवीकडे पाहिलं. मला वाटलं ती शेगडी पेटवणार. तिनं पेटवली नाही.

“विकला,” ती म्हणाली.

“विकला म्हणजे?”

“एका माणसानं चांगला म्हटला. मी म्हटलं, तुमचाच आहे. तो घेऊन गेला.”

मावशी स्टुलावर बसली. उघड्या खिडकीतून धुकं आत आलं होतं आणि दोघींच्या मधे उभं होतं, तिसऱ्या मैत्रिणीसारखं.

“पहिल्या पगाराचा होता वं,” मावशी हळूच म्हणाली.

“हो.”

“मी म्हटलं होतं, तू मोडीत काढशील.”

“मोडीत नाही टाकला,” आई म्हणाली. “त्याच्यासाठी दुकान टाकलं मी. तुझ्या नावानं. ह्यांनी ऑफिसात लिहून दिलं.”

मावशीला यातलं काहीच कळलं नाही, पण बाबांनी ऑफिसात लिहून दिलं हे ऐकून ती गंभीर झाली. तेवढ्यात घंटी वाजली. मी पळालो. दारात आधी शाल, मग सक्सेनासाहेब, आणि हातात मलमलीत गुंडाळलेला गंज.

“प्रतिमा बर्तन भंडार यही है?” त्यांनी अगदी अनोळखी गिऱ्हाइकासारखं विचारलं.

“यही है,” आई आतून धावत येत म्हणाली.

“सौदा वापस करना है.”

मी फोनवर परतीचं पान उघडलं. कारण निवडायचं होतं: टूटा हुआ, ग़लत सामान, पसंद नहीं, अन्य. सक्सेनासाहेब ‘अन्य’ म्हणाले आणि सांगून लिहून घेतलं, ‘इनकी सहेली आ रही थीं.’ मी त्यांना त्यांचे पैसे दिले, त्यांनी आईच्या हातात गंज दिला, आईनं “फिर आइएगा” म्हटलं. कुणाचीच इज़्ज़त गेली नाही. गंज इतका चकचकीत घासलेला होता की त्यात आमची पूर्ण खोली दिसत होती, थोडी वाकडी.

मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सक्सेनासाहेबांनी तिला पाहिलं, मग गंजावरचं नाव, मग पुन्हा तिला.

“आप प्रतिमा जी?”

“हाँ.”

ते कमरेत वाकले. “छह रोज़ आपके साथ रहा हूँ. हर सुबह आदाब किया. आपने एक दिन भी जवाब नहीं दिया, मगर मुझे कोई शिकायत नहीं.”

मावशीनं अख्ख्या शाळा एका नजरेत गप्प केल्या होत्या. आता तीच आईच्या मागे सरकली. “कांते,” ती कुजबुजली, “हा माणूस कोण आहे?”

“गिऱ्हाईक,” आई म्हणाली.

मग मावशी हसायला लागली. स्टूल शोधत, डोळे पुसत, हसत राहिली. आईनं गंज शेगडीवर ठेवला. त्यात पाणी, आलं, साखर, दूध. पाच माणसांचा चहा झाला तरी गंज अर्धा रिकामाच होता. बाबा आंघोळ करून आले आणि पातेलं प्राप्त झाल्याची वेळ कॅलेंडरवर लिहून ठेवली. वाफ खिडकीतून बाहेर जाऊन धुक्यात मिसळत होती, आणि बाहेरचं धुकं हे अख्ख्या लखनौनं मिळून ठेवलेल्या चहाचं असावं असं मला वाटलं.

निघताना सक्सेनासाहेबांनी शालीतून एक छोटा लोटा काढला. नवा कोरा. अमीनाबादेतून नाव घालून आणला होता: ‘कांता बहन को, हेमचंद्र की ओर से.’

“आप लोग नए घर जा रहे हैं,” ते संकोचून म्हणाले. “मैं कभी आऊँ तो निकाल दीजिएगा.”

म्हणजे आमच्या दुकानानं पहिल्या आठवड्यात एक वस्तू परत घेतली आणि एक वाढवली. आईनं लोटा उजेडात धरला.

“वाह,” ती म्हणाली. “क्या चीज़ है!”

“आप ही का है,” सक्सेनासाहेब म्हणाले.

आई क्षणभरही थांबली नाही. तिनं लोटा आत नेला आणि गंजाशेजारी, नाव पुढे करून ठेवला.